चांगला हात

कलाबाईच्या हातावरचा मांडा फाटत नाही, हे आर्वीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तुळसाबाईच्या अंगणात तो फाटून चुलीत पडला तेव्हा आधी सगळ्या बायका हसल्या. तुळसाबाईच्या पोरीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं, पाहुण्यांची पंगत रात्री बसायची होती, आणि मी नवरीचं पोलकं घेऊन नेमका तेव्हाच दारात पोचलो होतो. मीही हसलो. संसारात बायकोला हसायची संधी मला फार वेळा मिळालेली नाही.

ज्यांनी आमच्याकडचा मांडा बघितला नसेल त्यांना सांगतो. चुलीवर मोठा माठ उपडा घालतात आणि तो चांगला तापवतात. गव्हाचं पीठ मलमलच्या कापडातून गाळून घ्यायचं, ते कापड मीच देत असे. मग ते सैलसर भिजवायचं आणि आपटून आपटून रबरासारखं करायचं. त्याचा गोळा पोळपाटावर लाटत नाहीत. तो दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत राहायचं. एक हात देतो, दुसरा घेतो. झेलता झेलता तो कोपरापर्यंत लांब होतो, पातळ होतो, आणि मग झपकन माठावर टाकायचा. दोन्ही हातांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. नवरा-बायकोचं जमलं नाही तरी संसार होतो, पण या दोन हातांचं जमलं नाही तर मांडा होत नाही, असं कला म्हणायची आणि माझ्याकडे बघायची.

त्या दिवशी पीठ तिच्या उजव्या हातावरून ओघळलं आणि तिनं ते धरलंच नाही. मी पुढे होऊन काहीतरी चावट बोलणार होतो. तेवढ्यात तिनं मान वर केली. कॉलर एका बाजूनं ओढली गेली की कापड कसं तिरकं दिसतं, तसं तिचं तोंड तिरकं झालं होतं.

कुणी कांदा हुंगवा म्हणालं, कुणी तोंडात साखर घाला म्हणालं. माझ्या चुलतभावाला अर्धांगवायू झाला होता तेव्हा आम्ही असंच कांदा, साखर करत सकाळ घालवली होती. तो पुढे उठलाच नाही. मी कुणाचं ऐकलं नाही. दारात नवरदेवासाठी फुलं लावून सजवलेली गाडी उभी होती, तिच्यात कलाला घातलं आणि वर्ध्याचा रस्ता धरला. दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसाला वाटलं आम्ही लग्नाचा हॉल चुकलो. तो आम्हाला पत्ता सांगायला लागला.

तिथं डॉक्टर प्रज्ञा नगराळे होत्या. वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी भराभर तपासलं, फोटो काढले, सुई लावली. मेंदूच्या एका नळीत रक्ताची गाठ अडकली होती. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "काका, तुम्ही वेळ वाया घालवला नाहीत. काकू चालतील, बोलतील. हाताचं मात्र आत्ता सांगता येणार नाही."

कला चालायला लागली. बोलायला तर दवाखान्यातच लागली, आणि पहिलं वाक्य माझ्या चुरगळलेल्या शर्टाबद्दल होतं. उजवा हात मात्र कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. खांद्यातून थोडा उचलला जायचा, बोटं जेमतेम मिटायची, आणि त्याला चिमटा काढला तरी तिला कळायचं नाही. व्यायाम शिकवणारा माणूस रबराचा चेंडू दाबायला सांगून गेला होता. कलानं तो चेंडू नातवाला देऊन टाकला. त्याऐवजी ती रोज कणकेचा गोळा त्या हातात धरायची आणि डोळ्यानं बघत बघत तिंबायची. मग तो गोळा दारात येणाऱ्या गायीला जायचा. त्या हिवाळ्यात ती गाय अंगानं चांगलीच सुटली.

मी शिंपी. कलाची पोलकी लग्नापासून मीच शिवली. तिच्या उजव्या बाहीला डावीपेक्षा बोटभर कापड जास्त लागायचं, कारण इतकी वर्षं पीठ आपटून तो दंड तालमीतल्या माणसासारखा झाला होता. संक्रांतीच्या आधी मी पाहिलं, की ती उजवी बाही तिच्या दंडावर सैल फिरते आहे. ती झोपली असताना मी सगळ्या पोलक्यांच्या उजव्या बाह्या आत घेतल्या. तिला कळू नये एवढीच माझी इच्छा होती. शिवणीच्या बाबतीत तिच्यापासून काही लपवता येतं, असं मला अजून वाटत होतं.

खरा घाव संक्रांतीला बसला. हळदीकुंकवाला बायका आल्या. कलानं वाणाची ताटं लावून घेतली आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली. मी बोलवायला गेलो. ती म्हणाली, "डाव्या हातानं कुंकू लावू का मी बायाइले? डाव्या हातानं वान देऊ?"

मी म्हणालो, आजारी माणसाला कोण नावं ठेवतं. ती म्हणाली, "कोनी नाई ठेवत. मीच ठेवतो." आमच्याकडे बाया स्वतःला 'ठेवतो' म्हणतात, आणि कला म्हणायची तेव्हा ते शोभायचं. बाहेर तुळसाबाईनं सगळ्यांना कुंकू लावलं. ज्या बाईनं गावातल्या अर्ध्या लग्नांत मांडे वाढले, तिला आपल्या घरी कुणाला काही द्यायला हात नव्हता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या तपासणीला नगराळे मॅडमनी एक छोटं यंत्र दाखवलं. रक्तदाब मोजतात तसाच पट्टा, त्याला नळी, आणि एक डबी. त्या म्हणाल्या, दवाखान्यात याचा अभ्यास चालू आहे, तुमची इच्छा असेल तर काकूंचं नाव घालते. पट्टा दंडाला बांधायचा, तो फुगून हाताचं रक्त पाच मिनिटं थांबवतो, मग पाच मिनिटं सोडतो, असं काही वेळा. रोज घरीच करायचं. थोडा वेळ उपाशी राहायची सवय झाली की शरीर पुढच्या मोठ्या उपासाला घाबरत नाही, तसं काहीसं मेंदूचं आणि हृदयाचं होतं का, हे त्यांना बघायचं होतं.

"होईलच असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवायच्या, व्यायाम चालू ठेवायचा. हे त्याच्या जोडीला."

कलाला उपास कळत होते. ती म्हणाली, "मंजे हाताची एकादस." त्या दिवसापासून त्या यंत्राचं नाव एकादस पडलं.

कसं वापरायचं ते दाखवायला त्यांनी पट्टा माझ्याच उजव्या दंडाला बांधला, कारण माझी ती बाजू त्यांच्याकडे होती. म्हणाल्या, "ही कळ दाबायची. हाताला कळ लागेल. तेवढा वेळ कळ काढायची." आमच्या भाषेत एका शब्दाला किती कामं लावतात. पण पट्टा फुगल्यावर मला हसू आलं नाही. हात जांभळा झाला, बोटांना मुंग्या आल्या, मग कुणी पक्कडीनं पिळतंय असं वाटायला लागलं. मी मॅडमसमोर मर्दासारखा बसलो आणि मनात आजोळच्या देवाचा धावा केला.

निघताना मॅडमनी बजावलं. "पट्टा चांगल्या हाताला बांधायचा. लक्षात राहील ना?"

"आयुष्य गेलं माणसांच्या बाह्या मोजण्यात," मी म्हणालो. "हात चुकेल का माझा?"

घरी आल्यावर खाटेवर बसून कलानं उजवा हात उचलून माझ्या पुढ्यात ठेवला. चांगला हात म्हणजे उजवा, हे काय विचारायचं असतं? आपण पोरांना चांगल्या हातानं घे म्हणतो, चांगल्या हातानं जेव म्हणतो. आणि दुखणंही त्याच हाताचं होतं. गुडघा दुखला तर मलम गुडघ्यालाच लावतात, नाकाला लावत नाहीत. मी पट्टा उजव्या दंडाला बांधला आणि कळ दाबली.

पट्टा फुगला. हात जांभळा झाला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो, आता ओरडेल, मग ओरडेल. ती खिडकीतून रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडत होती. पाच मिनिटं संपली तरी वांगी संपली नव्हती.

"कळ नाई आली?" मी विचारलं.

"कायची कळ? मले तं काईच नाई वाटलं."

मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. ज्या कळीनं माझ्यासारख्या माणसाला देव आठवला, ती या बाईनं वांग्याच्या भावात काढली. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात येईल त्याला ते ऐकवायला लागलो. पँट कमी करायला आलेला माणूस कलाच्या सहनशक्तीची गोष्ट ऐकून जायचा. शेजारचा पानवाला म्हणाला, मलाही ते यंत्र बांधून बघू दे, पाय फार दुखतात. मी त्याला साफ सांगितलं की हे डॉक्टरनं ज्याला दिलं त्यानंच वापरायचं, आणि शिवाय तुला झेपायचं नाही. दुसरं वाक्य मी जास्त जोरात म्हणालो.

महिनाभर असं चाललं. सकाळी आंघोळ झाली की ती अंगणात उन्हाला खाटेवर बसायची, मी शेजारी काज-बटणाचं काम घेऊन बसायचो, आणि एकादस व्हायची. मधल्या वेळात ती कणीक तिंबायची. गाय वेळेवर यायची.

एके दिवशी पट्टा फुगला होता आणि कला मला झापत होती. मी कुणाचं तरी पोलकं फुकटात शिवून दिलं होतं, त्यावरून. झापता झापता ती अर्ध्या शब्दावर थांबली. कला भांडण अर्धवट सोडत नाही. मी वर बघितलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. मला तुळसाबाईचं अंगण आठवलं. हातातलं काम फेकून मी पट्टा सोडायला धावलो.

तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"काय होते तुले? तोंड सरळ कर. हास पाहू."

"हासू कशी? दुखते नं."

"कुठं दुखते?"

ती उजव्या हाताकडे बघत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते वेदनेचं की आणखी कशाचं हे तिलाही ठाऊक नसावं. "बोटाइले दुखते," ती म्हणाली. "माह्या बोटाइले कळ येऊन रायली, अवो. या दोन बोटाइले. मुंग्या येऊन रायल्या."

मी तरी पट्टा सोडतो म्हणालो. ती म्हणाली, "खबरदार, त्या कळीले हात लावला तं. इतक्या दिवसानं दुखलं, दुखू द्या पुरं."

पाच मिनिटं ती तशी बसली, दातावर दात रोवून. पट्टा सुटला तेव्हा तिनं श्वास सोडला आणि ढसाढसा रडली, मग हसली, मग मला म्हणाली की ते पोलकं फुकटात दिलं ते दिलंच कशाला. मी तिच्या बोटावर सुई टेकवली. तिनं शिवी दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोची शिवी ऐकून मी देवापुढे नारळ फोडला तो तेवढा एकदाच.

त्याच आठवड्यात वर्ध्याला तपासणी होती. मी उत्साहात सगळं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या, मग त्यांनी विचारलं, "पट्टा कोणत्या हाताला बांधता?"

कलानं उजवा हात पुढे केला.

मॅडम त्या हाताकडे बघतच राहिल्या. "काकू, मी चांगल्या हाताला सांगितलं होतं ना?"

"चांगल्याच हाताले बांधलं नं."

"हा आजारी हात आहे. चांगला म्हणजे धडधाकट. हा." त्यांनी कलाच्या डाव्या हाताला बोट लावलं.

"हा?" कला म्हणाली. "हा तं डावा हाये."

मग मॅडमना सगळं उलगडलं आणि त्या हसायला लागल्या. मी चेहरा गंभीर ठेवला होता, पण माझ्याही लक्षात आलं, की ज्या सहनशक्तीचा डंका मी महिनाभर सगळ्या बाजारात पिटला होता, ती सहनशक्ती नव्हतीच. मुक्या हाताला कळ कळणार कशी? कलानं माझ्याकडे बघितलं आणि तिलाही तेच कळलं. "सांगा आता जाऊन त्या पानवाल्याले," ती म्हणाली.

हसून झाल्यावर मॅडमनी तो दंड नीट तपासला. संवेदना नसलेल्या हाताला पट्टा जास्त लागला तरी माणसाला कळत नाही, म्हणून धडधाकट हाताला सांगितलं होतं, असं त्यांनी समजावलं. सुदैवानं काही इजा नव्हती. मग त्यांनी कलाला डोळे मिटायला लावले आणि कापसानं एकेका बोटाला स्पर्श केला. कला सांगत गेली. अंगठा. मधलं. करंगळी, थोडं थोडं. मॅडमचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून केलं.

मी म्हणालो, म्हणजे पट्ट्यानं हात जागा झाला.

"असं म्हणू नका, काका," त्या म्हणाल्या. "पट्ट्यानं हात बरा झाला असं मला कुठेही लिहिता येणार नाही. तुम्ही वेळेत आणलंत, गोळ्या नियमित आहेत, आणि काकूंनी कणीक सोडली नाही. हात त्यानंच परत येतोय, असं मला वाटतं. पट्ट्याचं काम सगळ्या शरीरासाठी आहे, आणि ते होतं की नाही हे अजून आम्हीच शोधतोय. पट्ट्यामुळे तुम्हाला फक्त कळलं."

माणसाला कळलं यापेक्षा जास्त काय हवं असतं, असं मला वाटलं. मॅडमनी माझ्यासमोरच त्यांच्या सूचनांच्या कागदावर 'चांगल्या हाताला' हे शब्द खोडले.

दुसऱ्या दिवसापासून पट्टा डाव्या दंडाला आला. आणि आता खरी एकादस सुरू झाली. पहिल्याच वेळी पट्टा फुगला आणि कला जी विव्हळली, की दारात आलेली गाय परत फिरली. "हा हात तं लय बोंबलते," ती म्हणाली. दुसऱ्या फेरीला तिच्या कपाळावर घाम आला. मी म्हणालो, मॅडमनी सांगितलंय, सक्ती नाही, नको वाटलं की कधीही सोडता येतं. आपण सोडून देऊ. हात तर येतोच आहे.

तिनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "त्या बिचाऱ्या हातानं महिनाभर मुकाट्यानं सोसलं. आता याले काय सोनं लागलं हाये? बांधा."

आणि तिनं सोसलं. रोज सकाळी. वांग्यांचं भांडण नाही, मला झापणं नाही. पट्टा फुगला की ती डोळे मिटायची, डावा हात मांडीवर ठेवायची आणि उजव्या हातानं कणीक तिंबत राहायची. एका हाताला कळ, दुसऱ्याला काम. पट्टा सुटला की डोळे उघडून मला म्हणायची, पुढची लावा. मी तेव्हा कुणालाही काही सांगितलं नाही. आधीचा अभिमान मी बाजारभर वाटला होता. हा मी स्वतःजवळ ठेवला.

उन्हाळा आला, आणि अकिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. अकितीला आमच्याकडे पितरांना पान वाढतात. पानावर चिंचेच्या गोड पाण्याची चिंचोणी, कुरडई आणि मांडा. मांडा नसला तर पितर उपाशी गेले, असं कलाच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, म्हणत असे. त्या वर्षी मांडे करायला तुळसाबाई येणार असं ठरलं होतं. ती आली, माठ तापवला, पीठ आपटलं. तिनं हातावर गोळा घेतला तेव्हा कला चुलीसमोर येऊन बसली.

"दे इकडं," ती म्हणाली.

तुळसाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. कलाच्या आणि चुलीच्या मधे येण्याएवढा मी शूर कधीच नव्हतो.

पहिला गोळा दोनदा झेलला गेला आणि जमिनीवर पडला. दुसरा मनगटापर्यंत आला, मग उजव्या हातानं तो उशिरा घेतला आणि मधोमध फाटला. मागच्या वेळी अंगणात सगळ्या हसल्या होत्या, त्यांच्यातल्या दोघी तिघी आजही होत्या. आज कुणी हसलं नाही, आणि मला वाटतं कलाला तेच जास्त लागलं. तिनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "हासा नं बायाहो. मेल्यासारख्या काय बसल्या?"

मग तुळसाबाईला हसू आलं, आणि सगळ्याच हसल्या. त्या हसण्याच्या आवाजातच कलानं तिसरा गोळा उचलला.

एक हात देत होता, दुसरा घेत होता. उजवा अजून संथ होता, तेव्हा डावा त्याच्यासाठी थांबत होता. आयुष्यभर उजवा पुढे असायचा आणि डावा त्याच्या मागे धावायचा, ते मी बघत आलो होतो. आज डावा थांबत होता. पीठ मनगटापर्यंत आलं, मनगटाच्या खाली आलं. कोपरापर्यंत आलं नाही. एका कडेला जाड होतं, आणि मधे बोट जाईल एवढं भोक पडलं. पण तो आख्खा माठावर पडला आणि त्याला फुगे आले.

तुळसाबाई म्हणाली, "मावशी, हा पितराइले नका वाढू, हा आपन खाऊ."

"हाच वाढीन," कला म्हणाली. "माह्या सासूनं यापेक्षा वाईट मांडे केलेले मी पायले हायेत." माझ्या आईबद्दल मी एरवी बोललो असतो. त्या दिवशी म्हटलं, आई, आज ऐकून घे. कलानं उजव्या हातानं मांडा उचलला, उजव्या हातानं पानावर ठेवला, त्याच हातानं वर तुपाची धार धरली. धार थरथरत होती, पानाबाहेर एक थेंब गेला नाही.

आठवड्यानं वर्ध्याला जायचं होतं. सकाळी मी बसच्या घाईत होतो आणि कला खोलीतून बाहेर आली, पोलक्याच्या उजव्या बाहीत बोट घालून.

"हे बाही आवळते," ती म्हणाली. "कोनं आत घेतली?"

मी म्हणालो, धुण्यात आटली असेल.

"एकच बाही आटते का? संक्रांतीच्या आधी घेतली तुमी. मले तवाच समजलं होतं." तिनं माझ्यापुढे दंड धरला. "उसवा."

मी मशीनशी बसलो आणि शिवण उसवली. बस गेली. आम्ही पुढच्या बसनं गेलो.

मॅडमनी तपासलं, कापूस टेकवला, बोटं दाबून बघितली, आणि कागदावर बरंच काही लिहिलं. मग रक्तदाब घ्यायचा म्हणून उजव्या हातात स्टेथोस्कोप धरून त्या वळल्या. "काकू, चांगला हात द्या," त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे डावा."

"आधी हे घ्या," कला म्हणाली. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि पहाटे उठून केलेला, घडी घातलेला मांडा उजव्या हातावर ठेवून पुढे केला. मॅडमचा उजवा हात अडकला होता. त्यांनी हसून डावा पुढे केला.

कलानं मांडा मागे घेतला.

"असा नाई, म्याडम," ती म्हणाली. "चांगल्या हातानं देऊन रायली, तं चांगल्याच हातानं घ्या."

मॅडमनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला आणि उजवा हात पुढे केला.